डायरेक्टरबाईचा राजीनामा

"राजीनामा कसा लिहाचा, तेवढा सांगा बाई," खुर्चीच्या कडेवर टेकत सुशिलाबाई म्हणाली.

टेबलापलीकडे रुचिका होती. गोंदियात लोकांचे इन्कम टॅक्सचे रिटर्न भरून द्यायचं तिचं काम. तिने हातातला चहा खाली ठेवला.

"कशाचा राजीनामा?"

सुशिलाबाईने शेजारी पाहिलं. नवरा, उदाराम, शेजारच्या खुर्चीत बसला होता. सकाळी, ऐन धानाच्या रोवणीच्या दिवसांत, बांधीत रोपं लावायला बाया उभ्या असताना तो एवढंच म्हणाला होता, "चाल, गोंदियाले जाऊ." राजीनाम्यासाठीच, हे तिने धरून घेतलं. बसमध्ये ती सारा वेळ खिडकीबाहेर पाहत आली. इटियाडोह धरणाच्या पाण्यावरच्या धानाच्या बांध्या हिरव्या होत चालल्या होत्या आणि तिचा जीव कशातच नव्हता.

त्यांच्या भागातल्या शेतकऱ्यांनी मिळून धानाची कंपनी काढली होती. सभासदांनी सुशिलाबाईला तिची डायरेक्टर म्हणून निवडलं. पहिल्या सभेत तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. दुसऱ्या सभेत ती उठली आणि धान मोजायचा काटा गावातच पाहिजे म्हणून अडून बसली. बायांनी पोती घेऊन व्यापाऱ्याच्या दारात तिष्ठत का बसायचं, असं तिने विचारलं. त्या हंगामात काटा गावात आला. बाया आपलं धान आपल्या डोळ्यांसमोर मोजून घेऊ लागल्या.

आणि मागच्या सभेत कंपनीतले दुसरे एक डायरेक्टर दुर्गाप्रसाद म्हणाले, प्रत्येक डायरेक्टरला आता स्वतःच्या नावाने रिटर्न भरावा लागतो. माणूस सरळ, कुठेतरी ऐकलेलं सांगितलं. पण गावात ती गोष्ट घरोघर फिरून आली तेव्हा चांगली फुगली होती. रिटर्न भरला की टॅक्स लागणार, टॅक्स लागला की राशन कार्ड कटणार. तिची जाऊ नंदाबाई तर हातपंपावर चारचौघींत म्हणाली, "तुह्या डायरेक्टरकीपायी पोरायच्या तोंडचा तांदूळ जाईल, माय." उदाराम तिथेच बैल धूत होता. त्याने ऐकलं आणि बैल धूत राहिला.

"डायरेक्टर आहो जी मी, धानाच्या कंपनीत," सुशिलाबाई अखेर म्हणाली. "ते सोडाचा आहे."

"राजीनामा नाही लिहाचा, मॅडम," उदाराम मध्येच बोलला. "विचाराचा आहे."

सुशिलाबाईने चमकून त्याच्याकडे पाहिलं. तो तिच्याकडे पाहत नव्हता. गुडघ्यांवर हात रोवून, पंचासमोर बसावं तसा तो रुचिकासमोर बसला होता.

"डायरेक्टरले रिटर्न भराच लागते का? आन भराच लागला, तं मंग तिले डायरेक्टर राहता येते का नाही?"

रुचिकाने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "बाई, स्वतःची दुसरी काही कमाई आहे का? दुकान, नोकरी, भाडं?"

"शेती आहे. सभेले गेली तं गाडीभाडा देते कंपनी."

"मग ऐका. डायरेक्टर आहे म्हणून रिटर्न भरलाच पाहिजे, असा कायदा नाही. आपली कमाई सरकारने ठरवलेल्या हद्दीच्या वर गेली, तर भरायचा. शेतीच्या कमाईवर इन्कम टॅक्स नाही. बँकेत फार मोठे व्यवहार, परदेशात मालमत्ता, असलं काही असेल तरी भरावा लागतो. ते तुमचं काही दिसत नाही."

"आन कंपनीचा?" उदारामने विचारलं.

"कंपनीचा रिटर्न कंपनी भरेल. तो वेगळा. उद्या कमाई वाढली आणि तुम्हाला भरावाच लागला, तर डायरेक्टरला साधा फॉर्म चालत नाही, दुसरा भरावा लागतो. तेव्हा या, मी भरून देईन. आणि डायरेक्टर म्हणून ओळखीची तपासणी, म्हणजे केवायसी, असते, ती तेवढी वेळेवर करत जा."

"आन राशन कार्ड?" सुशिलाबाईने विचारलं.

"डायरेक्टर झाल्यापासून घरात पैसा जास्त येऊन राहिला का?"

"नाही."

"मग कार्डाचं काय बदललं?"

उदारामने मान डोलावली. तरी त्याचं समाधान झालं नाही. "म्हन्जे तिले राहता येते?"

"राहता येतं, काका. बिनधास्त."

सुशिलाबाईने रुचिकाला हात जोडले. चांगलं काही बोलावं असं तिच्या मनात होतं, पण "लई उपकार झाले माय" एवढंच तिच्या तोंडून निघालं.

जिना उतरल्यावर ती थांबली.

"मले वाटला, तुमी राजीनाम्यासाठी आनून राहिले."

"काऊन? मी म्हनलो का तसा?"

"काहीच तं नाही म्हनले जी. हातपंपावर नाही, घरी नाही."

"मलेच ठावूक नोहोता तं का म्हनू? खोटा बोलू?" तो थोडा चिडलाच. मग आवाज उतरवून म्हणाला, "सभा कधी आहे तुही?"

"सोमवारी."

"जाजो. रोवन्यावर मी राहतो."

समोर पोह्यांची गाडी होती. सकाळपासून दोघांच्या पोटात काही नव्हतं. गाडीवाल्याने तर्री घातलेली पहिली प्लेट उदारामच्या हातात दिली. त्याने ती तिच्यापुढे केली. लग्न झाल्यापासून ती त्याच्या आधी कधी जेवली नव्हती. ती प्लेट धरून तशीच उभी राहिली.

दुसरी प्लेट आली. उदारामने चमचा तसाच ठेवला आणि रस्त्यावरच्या गाड्यांकडे पाहत उभा राहिला. तिने पहिला घास घेतला, तेव्हा कुठे त्याने चमचा उचलला.