हिरवी टिकली

शहराच्या आराखड्यात तरुणांनीही बोलावं, म्हणून पनवेलच्या बैठकीला नगररचनेच्या साहेबांनी आदिवासी वाडीतल्या रंजितालाही आवर्जून बोलावलं. "बाग हवी तिथे हिरवी टिकली लावा," ते म्हणाले. रंजिता भिंतीवरच्या नकाशात आपली वाडी शोधत राहिली. वाडीच्या जागी नुसता कोरा माळ होता. इथे माणसं राहतात हे निदान कुणाला तरी दिसावं, म्हणून तिने टिकली बरोबर आपल्या घराच्या जागी लावली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

दिवाळीनंतर तेच साहेब मोजणीवाल्यांना घेऊन वाडीत आले. बागेसाठी घरं हलवावी लागणार होती.

"आमी नाय मागली बाग," रंजिताची आई कडाडली. "मागली कोनी?"

साहेबांनी गर्दीत रंजिताला शोधलं आणि मोठ्या कौतुकाने तिच्याकडे बोट दाखवलं.