भिंतीकडची खाट

जरा जवळ सरका, एक गोष्ट सांगते. किळस येईल, पण शेवटपर्यंत ऐका.

घरात तान्हं बाळ, म्हणून ढेकणांवर औषध मारायचं नाही असं ठरलं होतं. सुनेने गाद्या उन्हात तापवल्या, चादरी उकळल्या, खाटेच्या सांध्यांत कढत पाणी ओतलं. तरी रोज सकाळी सासूबाईंच्या चादरीवर रक्ताचे डाग असायचे, उशीखाली काळे ठिपके, आणि चिरडलेल्या ढेकणांचा तो ओकारी आणणारा वास.

"आई, हात बघा तुमचे, नुसते फोड. बाळाला एकही चावलेला नाही. म्हणजे तुमच्याच खाटेत बिऱ्हाड थाटलंय मेल्यांनी," सून नाकाला पदर लावून म्हणाली. "आणि खाट मात्र तुम्हाला पाळण्याला खेटून हवी."

"अगं, भिंतीतली ती फट बुजवा आधी. किती दिवस सांगतेय."

"बघू गं आई," मुलगा नेहमीसारखं म्हणाला आणि भिंत नि पाळण्याच्या मधली ती खाट उचलून त्याने गॅलरीत नेऊन टाकली. सुनेने मोकळी झालेली फरशी तीनतीनदा पुसली. त्या रात्री दोघांना निवांत झोप लागली.

सकाळी गॅलरीतल्या खाटेवर निजलेल्या सासूबाईंची चादर कोरी होती. बाळाचं अंग मात्र फोडांनी भरलं होतं.



आज निजताना देवाचं नाव घ्याल, तेव्हा भिंतीकडे अंग करून झोपणाऱ्या त्या आजीचीही आठवण काढा.