मशीनला ठाऊक असलेलं नाव

विद्यापीठाचं नामांतर होऊन आठवडा झाला होता. आमच्या कॉलेजच्या ऑफिसातलं मुख्य मशीन चालू व्हायचं, पण दाखले छापणारा कॉम्प्युटर त्याला जोडलाच जाईना. मी वायरी बदलल्या, दोन्ही बंद करून पुन्हा चालू केली. शेवटी कारण सापडलं. दाखल्यांचा जुना प्रोग्राम विद्यापीठाच्या जुन्या नावावरूनच मुख्य मशीन ओळखायचा, आणि क्लार्क मुंजाजी खंदारे यांनी मोठ्या हौसेनं त्या मशीनवर नवं नाव टाकलं होतं.

"प्रोग्राम लिहिणारी कंपनी कधीच बंद पडलीय," मी म्हणालो. "बाबासाहेबांचं नाव काढल्याशिवाय हे चालणार नाही."

खिडकीतून बोरी गावची विद्यार्थिनी गौरा म्हणाली, "मामा, उद्या नोकरीची मुलाखत हाय. दाखला द्या ना, गाडी सुटायलीय."

"मुंजाजी, द्या कीबोर्ड इकडं, मी नाव काढतो," मी म्हणालो.

"नको सर. दुसऱ्यानं पुसलेलं मला बघवायचं न्हाई," असं म्हणत मुंजाजींनी एका बोटानं एकेक अक्षर पुसलं.


विद्यापीठाला ते नाव मिळावं म्हणून तुरुंगात गेलेले आमच्या ऑफिसात ते एकटेच होते.