चुकीची लेबलं

कापूस येईनासा झाला आणि राळेगावजवळची जिनिंगची गिरणी बंद पडली. तीस वर्षं तिथं गाठींची लेबलं तपासणारे श्रीकृष्णराव तेव्हापासून घरात कोणाशी बोलेनासेच झाले. दिवाळीला आलेल्या मुलानं, सलीलनं घरच्या कॉम्प्युटरवर चारशे सिनेमे भरून दिले, प्रत्येकाचं नाव, साल आणि पोस्टर लावून दिलं आणि तो पुण्याला परतला. आठ दिवस कॉम्प्युटरला कोणाचा हात लागला नाही. त्यांच्या बायकोचा, सुनीतीबाईंचा जीव टांगणीला लागला.

नवव्या दिवशी श्रीकृष्णरावांनी भर दुपारी पोराला फोन लावला.

"काहून बे सल्या, भुताच्या सिनेमावर देवीचा फोटू? अन् नाव तिसऱ्याचंच! आमच्या जिनिंगात गाठीले चुकीचं लेबल लागलं तं अख्खा लॉट वापस येते. ठेव फोन, मीच करतो दुरुस्त!"

भाजी निवडता निवडता सुनीतीबाईंचे हात थांबले. चार महिन्यांत ते पहिल्यांदाच कोणावर तरी ओरडले होते.

आठवड्याभरात त्यांची रोज सकाळी आंघोळ करून कॉम्प्युटरपुढची बैठक ठरून गेली. काल तर त्यांनी स्वतःहून दुसरी भाकर मागून घेतली.

आज सुनीतीबाईंनी मागच्या अंगणात जाऊन हळूच सलीलला फोन केला.

"तीनशे झाले रे बाबा त्यायचे नीट करून. दिवाळीत आपन दोघांनी बसून मुद्दाम बिघडवले, तेवढे काही पुरत नाहीत. आनखी पाठव."