कोरडी चादर

नळी अडकली.

हृदय तपासायला मनगटातून आत सरकवलेली ती नळी डॉक्टर उलाननी हलकेच ओढून पाहिली. इकडे येईना, तिकडे जाईना. म्हाताऱ्याच्या हातातल्या धमनीने तिला करकचून आवळलं होतं. जोर लावला तर धमनी फाटणार, हे नुरझातला कुणी सांगायला नको होतं. ती याच खोलीतली परिचारिका. आणि टेबलावरचा म्हातारा, कलमुर्झा, तिचा सासरा.

"गुंगीचं दिलं, धमनी सैल करायचंही दिलं. तरी हात सैल सोडत नाहीत," डॉक्टर वैतागले. "मघापर्यंत तर मजेत घोड्यांच्या गप्पा मारत होते!"

मघापर्यंत. मघाशी हृदयात रंगाचं औषध सोडलं, पडद्यावर हृदय काळंभोर उमटलं, आणि त्याच क्षणी सासऱ्यांनी दात आवळून मांड्या जुळवल्या होत्या. तेव्हापासून त्यांचं अंग ताठ होतं, आणि धमनीही. त्या औषधाची गरम लाट ओटीपोटात उतरते. भल्याभल्यांना वाटतं, आपण कपड्यांतच लघवी केली. म्हणून प्रत्येकाला आधी सांगून ठेवायचं, हे नुरझातचं काम. रोज ती हसत हसत सांगायची. आज तेवढंच तिने गिळून टाकलं होतं.

त्यांच्या समाजात सून सासऱ्याचं नावही तोंडातून काढत नाही, 'आताके' म्हणजे 'बाबा' एवढंच म्हणते, आणि हे बोलायचं? परक्या पुरुषांच्या उघड्या अंगाला हात लावते म्हणून तिची नोकरी त्यांना आधीच सलत होती. सकाळी बाहेरच्या बाकावर, तपासणीसाठीच आलेल्या शेजारी जपारला त्यांनी तिच्यादेखत सांगितलं होतं, "आमची सून होय? कचेरीत असते."

कलमुर्झा छताकडे टक लावून पडले होते. डोळ्यांतलं पाणी ओघळून कानात उतरत होतं. पळायला जागा नव्हती. हात बांधलेला, नळी आत, आणि उशाशी सून! सुनेलाही जागा नव्हती. क्ष-किरण अडवणारा शिशाचा जड झगा खांद्यांवर, आणि घशात अडकलेलं ते एक वाक्य.

"पुन्हा ओढून बघतो," डॉक्टर म्हणाले.

"थांबा!" नुरझात वाकली. तिचे कान तापले. "आताके, तुम्ही मुतला नाहीत."

डॉक्टरांचा हात थबकला. म्हाताऱ्याने डोळे घट्ट मिटून घेतले.

"ती औषधाची ऊब आहे. सगळ्यांना तसंच वाटतं. मी आधी सांगायला हवं होतं, पण लाजले. चूक माझी." तिने त्यांचा मोकळा हात धरून कमरेखालच्या चादरीवर टेकवला. "बघा चाचपून. कोरडी आहे."

बोटं चादरीवरून फिरली. पुन्हा फिरली. मग म्हाताऱ्याच्या छातीतून मोठा श्वास सुटला आणि खांदे खाली आले. थोड्या वेळाने डॉक्टर हळूच म्हणाले, "सुटली."

पुढचं सगळं सरळ पार पडलं. तुंबलेली वाहिनी सापडली, मोकळीही झाली. पण सासऱ्यांनी नुरझातकडे पाहिलं नाही. आता ते नोकरी सोडायला लावणार, असं तिने मनाशी धरलं. त्यांची पांढरी, लोकरीच्या नमद्याची टोपी त्यांच्या छातीवर ठेवून तिने त्यांची चाकांची गाडी बाहेर ढकलली.

दारात पुढच्या रुग्णाची गाडी उभी होती. वर जपार, चेहरा पांढराफटक. "काय करतात रे आत?"

कलमुर्झांनी गाडी थांबवायची खूण केली. टोपी डोक्यावर चढवली.

"मध्येच वाटेल, मुतलो. मुतलेला नसतोस," ते म्हणाले. "खरं वाटलं नाही तर माझ्या सुनेला विचार. आत तीच असते."