सहाशे चाळीस पावलं

"अजून मागे!" विश्राम म्हणाला, आणि मिठागराचा राखणदार महिपत याने तेच खाडीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात ओरडून सांगितलं.

कोपरीच्या बांधावर विश्रामची बायको तुळसा कंदील घेऊन मागे मागे सरकत होती. कंदील अभिजित ताऱ्याइतकाच तेजस्वी दिसू लागला की तिने थांबायचं. मग विश्रामने पावलं मोजत तिच्यापर्यंत जायचं. दिवा दुप्पट लांब गेला की उजेड चौथा हिस्साच उरतो. कंदील सूर्यापेक्षा किती पट फिका हे विश्रामने आधीच काढलं होतं; अभिजित म्हणजे दुसरा सूर्यच असं धरलं, तर या पावलांवरून त्याचं अंतर निघणार होतं.

"वहिनी गुणाच्या हायत," महिपत हसला. "आमची असती तर कंदील खाडीत टाकून घरी गेली असती."

"आजचाच दिवस. उद्या पहाटेच्या गाडीने मी नागपूरला निघालो. नवी नोकरी."

"नि वहिनी?"

"ती इथेच. आईजवळ."

विश्रामने एक डोळा मिटला. तारा, कंदील. सारखे.

"बस!"

"थांबा वो!" महिपतने हाळी दिली.

विश्राम मोजत निघाला. आधीच्या तिन्ही संध्याकाळी सहाशे चाळीसच्या आसपास पावलं भरली होती. आज चारशे बावन्नाव्या पावलाला तुळसा समोर उभी. त्याने मनातल्या मनात भागाकार केला, मग वर्ग. कंदिलाचा उजेड बरोबर निम्मा झाला होता.

त्याने कंदील हातात घेतला. काच स्वच्छ होती. वात मात्र उतरवलेली होती.

"हे कुणी केलं?"

"मी."

"अगं, यानं कागदावर अख्खा तारा जवळ येईल!"

"येईना का." तुळसाने मान वर केली नाही. "घरी सासूबाईंसमोर बोलता येत नाही. इथं सहाशे चाळीस पावलांवरून ऐकू जात नाही."

वही विश्रामच्या बगलेत होती. अभिजित अजून बराच वर होता. वात चढवून पुन्हा मोजायला वेळ होता.

त्याने काच उचलली आणि फुंकर घातली.

बांधाच्या दुसऱ्या टोकावरून महिपतची हाक आली.

"ओ मास्तर! दिवा दिसत नाय! किती लांब गेलाव?"