शेवटच्या पट्टीवरची हाक

"ताई, सॅम्पलरमध्ये घरच्यांचा आवाज भरू नका, मग विकवत नाही," दुरुस्तीवाल्या काकांनी बजावलं होतं. तिनं हसण्यावारी नेलं. सॅम्पलर, म्हणजे आवाज टिपून सुरांत वाजवणारे जुने कीबोर्ड; त्यांच्या खरेदीविक्रीवरच तिचं घर चालायचं. आज गिऱ्हाईक म्हणालं, "माइक चालतो का दाखवा." तिनं कडेवरच्या लेकाला पुढे धरलं. "आई," तो म्हणाला. गिऱ्हाईक एकेक पट्टी दाबत खाली उतरलं, तसा आवाज जाड, संथ होत गेला: शाळकरी, मिसरूड फुटलेला, चांगला बाप्या, शेवटच्या पट्टीवर थकलेला म्हातारा. "आई." लेक एवढा म्हातारा होईल, आपण नसू. तेव्हा त्याला ओ कोण देणार? "पसंत आहे, बंद करा," गिऱ्हाईक म्हणालं. बंद केलं की टिपलेला आवाज पुसला जाणार. तिनं तीच पट्टी वाजवली, "आले रे राजा" म्हणाली आणि बंदचं बटण दाबलं. खूप वर्षांनी शेजारून एखाद्या म्हाताऱ्याची "आई" अशी हाक आली, तर जरा डोकावून या.